कंपोनंटची नावं बदलताना : वाचनालय अ‍ॅपच्या प्रकल्प नोंदी

४ जून

वाचनालय अ‍ॅपच्या फ्रंटएंडमधली, म्हणजे वापरणाऱ्याला दिसणाऱ्या बाजूच्या कोडमधली, नावं आजपासून हाती घेतली. कोड रिअ‍ॅक्ट (पडदे बांधायची लायब्ररी) आणि टाइपस्क्रिप्ट (डेटाचे प्रकार तपासणारी जावास्क्रिप्ट) यांमधला. सभासद, पुस्तकं, देवघेव, आरक्षण, दंड एवढा पसारा. कंपोनंटच्या, म्हणजे पडदा ज्या सुट्या तुकड्यांनी बनतो त्यांच्या, फोल्डरमध्ये ‘कार्ड’, ‘कार्ड२’, ‘न्यूकार्ड’, ‘कॉमनकार्ड’, ‘बुककार्ड’ आणि ‘बुककार्डवाइड’ असे सगळे शेजारीशेजारी नांदताहेत. प्रत्येकाचा कोड नीट चालतो, चाचण्याही पास होतात. अडचण येते ती काही बदलायची वेळ आली की.

नुकत्याच रुजू झालेल्या सहकारीला साधं काम दिलं होतं : मुदत उलटलेल्या पुस्तकाच्या तारखेशेजारी लाल खूण दाखवायची. तिने ‘बुककार्ड’ उघडलं, आणि कोणीही तेच उघडलं असतं. तारीख तिथे नव्हतीच, ती ‘राइटपॅनेल’ नावाच्या फाइलमध्ये निघाली. बदल चार ओळींचा होता, शोधण्यात मात्र तिची सकाळ गेली.

यावरून कामाची कसोटी ठरवली. एखादी नवी मागणी सांगायची, फक्त फाइलींची यादी समोर ठेवायची आणि विचारायचं, “कोणती फाइल उघडशील?” आतला कोड दाखवायचा नाही. बहुतेकांचं बोट बरोबर फाइलवर पडलं तर नाव चांगलं. नाव सुंदर आहे का, छोटं आहे का, हे प्रश्न त्यानंतरचे.

५ जून

कसोटी टीममधल्या इतरांवर घेतली. काही शब्द वारंवार फसवतात.

‘न्यू’ सगळ्यात आधी. ‘न्यूकार्ड’ कशाच्या तुलनेत नवं? गिटचा (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनाचा) इतिहास पाहिला तर जुनं कार्ड कधीच काढून टाकलेलं. ज्या दिवशी दोन्ही सोबत होते त्या दिवसापुरताच तो शब्द खरा होता.

‘कॉमन’ आणि ‘रॅपर’ कंपोनंट काय करतो ते सांगतच नाहीत. तो कुठून वापरला जातो किंवा कशाभोवती बसतो एवढंच त्यांतून कळतं.

‘कंटेनर’ची गोष्ट वेगळी आहे, त्यामागे विचार होता. डेटा आणणारे कंपोनंट वेगळे आणि दाखवणारे वेगळे ही विभागणी रिअ‍ॅक्टच्या जगातले नावाजलेले डॅन अब्रामोव्ह यांनी २०१५ मध्ये मांडली आणि ती सगळीकडे पसरली. फेब्रुवारी २०१९ मध्ये रिअ‍ॅक्ट १६.८ सोबत हुक (कंपोनंटच्या आतून वापरायची खास फंक्शन) आले आणि तेच काम हुकने होऊ लागलं. पुढे खुद्द अब्रामोव्ह यांनीच, आता मी अशी विभागणी सुचवत नाही, असं नोंदवलं. आपल्याकडचे ‘कंटेनर’ हे त्या काळातले. त्यांतल्या बऱ्याच फाइलींत आता डेटा आणणं उरलेलंच नाही, शब्द तेवढा उरलाय.

नावामागे ‘कंपोनंट’ हा शब्द लावायचा का, हाही प्रश्न निघाला. रिअ‍ॅक्टमध्ये त्याने नवी माहिती मिळत नाही, म्हणून नाही. अँग्युलर या दुसऱ्या फ्रेमवर्कच्या मार्गदर्शिकेत हा प्रत्यय वर्षानुवर्षं होता. २०२५ मध्ये २०व्या आवृत्तीबरोबर आलेल्या नव्या मार्गदर्शिकेने त्याचा आग्रह सोडला.

९ जून

आजचा दिवस ‘बुककार्ड’मध्ये गेला, आणि तो सार्थकी लागला असं वाटतं.

हा कंपोनंट दोन ठिकाणी वापरला जातो. सूचीमध्ये तो लेखक, प्रकाशक आणि किती प्रती शिल्लक आहेत ते दाखवतो. सभासदाच्या खात्यात दाखल क्रमांक, परत करायची तारीख आणि मुदत वाढवायचं बटन दाखवतो. ही दोन कामं एका छताखाली आणण्यासाठी जवळपास सगळे प्रॉप (कंपोनंटला बाहेरून दिली जाणारी माहिती) ऐच्छिक केले होते. तारीख असेल तर दाखव, नसेल तर सोड. त्यामुळे सूचीतल्या कार्डाला चुकून परतीची तारीख दिली तरी टाइपस्क्रिप्ट अवाक्षर काढत नाही. त्याच्या दृष्टीने सगळं नियमात बसतं.

गोंधळाचं मूळ ‘बुक’ या शब्दात आहे. वाचनालयात पुस्तक म्हणजे कधी ग्रंथ असतो, म्हणजे लेखक आणि शीर्षक, ज्याच्या पाच प्रती असू शकतात. कधी ती एक विशिष्ट प्रत असते, जिच्यावर दाखल क्रमांक आहे आणि जिचं तेराव्या पानाचं टोक फाटलेलं आहे. ग्रंथ उशिरा परत येत नाही, प्रत येते. प्रतीला प्रकाशक बदलता येत नाही, तो ग्रंथाचा असतो.

आधी वाटलं ‘टायटलकार्ड’ आणि ‘कॉपीकार्ड’ असे दोन करावेत. पण सभासदाच्या खात्यात जे दिसतं ते नीट पाहिलं तर ती प्रतसुद्धा नाही. एक प्रत, एक सभासद, नेल्याची तारीख आणि परतीची तारीख यांना एकत्र बांधणारा तो व्यवहार आहे. बॅकएंडवाल्या, म्हणजे सर्व्हरची बाजू सांभाळणाऱ्या, सहकाऱ्याला विचारलं. तो म्हणाला, “आमच्याकडे त्याचं वेगळं टेबल आहे, ‘लोन’ नावाचं. एपीआयमध्ये पण तेच येतं.” (एपीआय म्हणजे सर्व्हरकडून पडद्याला डेटा मिळतो ती वाट.) डेटाबेसला जी गोष्ट स्वतंत्र आहे हे पहिल्यापासून ठाऊक होतं, ती पडद्यावर ‘बुक’च्या नावाखाली दडली होती.

म्हणून सूचीसाठी ‘कॅटलॉगएंट्री’ आणि खात्यासाठी ‘लोनकार्ड’. नाव ठरताच प्रॉपची रांग ओसरली. ‘लोनकार्ड’ला ‘लोन’ हा एकच प्रॉप पुरतो आणि तो सक्तीचा आहे. परतीची तारीख त्याच्या आतच आहे, त्यामुळे ती ‘असेल किंवा नसेल’ हा प्रश्नच मिटला. सूचीच्या नोंदीला तारीख द्यायला जागाच नाही. पुसट नावामुळे ज्या अटी ‘जर-तर’ होऊन कोडमध्ये साचल्या होत्या, त्या आज डझनाने पुसल्या.

‘बुककार्डवाइड’ही गेलं. रुंदी ही मांडणीची बाब आहे, ती बाहेरच्या ग्रिडने ठरवावी.

१० जून

जागेवरून आणि रंगावरून पडलेली नावं. ‘लेफ्टपॅनेल’, ‘राइटपॅनेल’, ‘टॉपबॉक्स’, ‘रेडबॅज’.

मोबाइलवर ‘राइटपॅनेल’ खाली सरकतो. उर्दू किंवा अरबीतल्या पडद्यावर तो डावीकडे जातो. सीएसएसनेसुद्धा (पानाची मांडणी आणि रंग ठरवणारी भाषा) या कारणासाठी डावं-उजवं सोडून ओळीची सुरुवात आणि शेवट अशा शब्दांत समास मोजायची सोय केली आहे. पॅनेलमध्ये सभासदाचा सारांश आहे, तर ‘मेंबरसमरी’ म्हणावं. तारखा तिथे नसाव्यातच. त्या ‘लोनकार्ड’मध्ये हलवल्या.

‘रेडबॅज’चं काय करायचं यावर थोडा खल झाला. एक पक्ष ‘ओव्हरड्यूबॅज’ म्हणणारा, दुसरा सरळ ‘बॅज’. दोन्ही ठेवले. ‘बॅज’ला वाचनालयाची काहीच माहिती नाही, त्याला फक्त सूर कळतो : इशारा, धोका, साधा. ‘ओव्हरड्यूबॅज’ला मुदत कळते आणि तो आतून ‘बॅज’ वापरतो. उद्या लालचा नारिंगी झाला तर ‘बॅज’ उघडायचा, आणि सवलतीचे दोन दिवस वाढवून मिळाले तर ‘ओव्हरड्यूबॅज’.

१२ जून

शाखांच्या पानावर ‘मॅप’ नावाचा कंपोनंट आहे. नाव नेमकं आहे, नकाशाच दाखवतो. आज त्याच फाइलमध्ये शाखेच्या क्रमांकावरून शाखा झटकन सापडावी म्हणून जावास्क्रिप्टचा मूळचा ‘मॅप’ हवा होता. पण इम्पोर्ट केलेल्या (दुसऱ्या फाइलमधून आणलेल्या) नावाने तो झाकून टाकलेला, आणि ‘न्यू मॅप’ म्हटलं की हाती येतो नकाशा.

उलट दिशेचा धोका जास्त खोल आहे. ब्राउझरमध्ये ‘टेक्स्ट’, ‘कमेंट’, ‘इमेज’, ‘ऑप्शन’, ‘रेंज’, ‘सिलेक्शन’, ‘नोटिफिकेशन’ ही नावं जागतिक पातळीवर आधीच आहेत. आपल्या ‘टेक्स्ट’ कंपोनंटचं इम्पोर्ट करायचं राहिलं तरी ते नाव ब्राउझरला सापडतंच, फक्त ते आपलं नसतं. टाइपस्क्रिप्ट चूक दाखवतो खरी, पण ‘हे नाव सापडलं नाही’ असं म्हणत नाही. जेएसएक्सच्या (कोडमध्येच टॅग लिहायच्या पद्धतीच्या) प्रकारांबद्दल काहीतरी सांगतो आणि वाचणारा भलतीकडे शोधत बसतो.

व्ह्यू या आणखी एका फ्रेमवर्कच्या शैली मार्गदर्शिकेत कंपोनंटचं नाव एकापेक्षा जास्त शब्दांचं असावं हा नियम ‘अत्यावश्यक’ गटात आहे, मूळचा ‘अ‍ॅप’ तेवढा अपवाद. कारण असं की एचटीएमएलचे टॅग एकाच शब्दाचे असतात, आजचे आणि उद्याचेही. वेब कंपोनंटच्या प्रमाणकाने तर जोडरेघ सक्तीची केली आहे. जोडरेघ नसलेलं नाव ब्राउझर नोंदवूनच घेत नाही. रिअ‍ॅक्टने वेगळी वाट धरली : पहिलं अक्षर मोठं असेल तर कंपोनंट, लहान असेल तर टॅग. टॅगशी टक्कर त्याने टळते, जागतिक नावांशी टळत नाही.

आपल्या टीमपुरता ठराव : विषयाशी जोडलेल्या कंपोनंटचं नाव किमान दोन शब्दांचं. ‘ब्रँचमॅप’, ‘रीडरकमेंट’, ‘कव्हरइमेज’. ‘बटन’, ‘बॅज’ असे पायाभूत कंपोनंट एका शब्दाचे चालतील, फक्त जागतिक नावाशी टक्कर नको. ईएसलिंट या कोड तपासणाऱ्या साधनाच्या ‘नो-शॅडो’ (बाहेरचं नाव झाकू न देणाऱ्या) नियमातला ‘बिल्टिनग्लोबल्स’ हा पर्याय चालू केला, म्हणजे हे लक्षात ठेवायचं ओझं माणसांवर राहणार नाही.

१६ जून

आज ‘पॉपअप’, ‘मोडल’, ‘टूलटिपबॉक्स’ आणि ‘ड्रॉपडाउन’. मला या प्रकल्पातला सर्वांत मोलाचा भाग हाच वाटतो, कारण इथे नाव चुकलं की वापरणाऱ्याला थेट त्रास होतो.

वेबची प्रमाणकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीच्या एआरआयए (स्क्रीन रीडरसारख्या साधनांसाठीच्या सुलभतेच्या) मार्गदर्शनात पडद्यावरच्या या वस्तूंना ठरलेली नावं आहेत : डायलॉग, डिस्क्लोजर, टूलटिप, मेनू बटन, लिस्टबॉक्स, कॉम्बोबॉक्स, टॅब्ज. प्रत्येक नावासोबत वागणूक ठरलेली असते. मोडल डायलॉग (मागचा पडदा अडवणारी चौकट) उघडला की फोकस, म्हणजे कीबोर्डचा रोख, आत गेला पाहिजे, टॅबची कळ दाबत राहिलं तरी तो आतच फिरला पाहिजे, एस्केपने डायलॉग बंद झाला पाहिजे आणि बंद झाल्यावर फोकस बहुधा जिथून निघाला तिथे परतला पाहिजे. आपला ‘पॉपअप’ यातलं निम्मंच करत होता. नाव ‘पॉपअप’ असल्यामुळे उरलेलं निम्मं राहिलंय हे कोणाच्या लक्षात येण्याचं कारणच नव्हतं, कारण ‘पॉपअप’कडून कोणाचीच ठरावीक अपेक्षा नाही. आता तो ‘कन्फर्मडायलॉग’ आहे, आतून एचटीएमएलचा स्वतःचा ‘डायलॉग’ टॅग वापरतो, आणि रिव्ह्यू करणारा त्या यादीवर बोट ठेवून तपासू शकतो.

‘टूलटिपबॉक्स’मध्ये मुदत वाढवायचं बटन होतं. टूलटिपला फोकस मिळत नाही, त्यात दाबायचं काही नसावं. कीबोर्ड वापरणाऱ्या सभासदाला ते बटन गाठताच येत नव्हतं. ती वस्तू टूलटिप नव्हतीच, ते डिस्क्लोजर होतं, म्हणजे बटन दाबलं की उघडणारा-मिटणारा भाग. ‘रिन्यूडिस्क्लोजर’ केलं आणि उघडझाप बटनाला बांधली.

‘ड्रॉपडाउन’खाली तीन निरनिराळ्या गोष्टी निघाल्या. भाषा निवडायची यादी हा लिस्टबॉक्स. लेखकाचं नाव टाइप करत शोधायची चौकट हा कॉम्बोबॉक्स. सभासदाच्या चित्रावर टिचकी मारली की ‘खातं’, ‘बाहेर पडा’ असं उघडतं ते मेनू बटन. बाणांच्या कळा, एंटर आणि टाइप केलेली अक्षरं या तिघांत वेगवेगळं काम करतात. एकाच फाइलमध्ये ते बसवताना कोणाला तरी उपाशी ठेवावं लागत होतं. तीन फाइली केल्या, ‘ड्रॉपडाउन’ काढून टाकला. साइटच्या वरच्या दुव्यांना ‘मेनू’ म्हणायचं नाही हेही ठरलं. तिथे एआरआयएचा मेनू अपेक्षित नसतो, साधे दुवे असतात. ‘मेननॅव्हिगेशन’.

चाचण्यांमध्ये आम्ही घटक भूमिकेवरून शोधतो, म्हणजे ‘डायलॉग ही भूमिका असलेला घटक दे’ असं. आता कंपोनंटचं नाव, चाचणीतला शब्द आणि स्क्रीन रीडर उच्चारतो तो प्रकार एकच झाले.

१८ जून

शब्दांच्या क्रमावर टीममध्ये दोन तट. व्ह्यूची मार्गदर्शिका व्यापक शब्द आधी घ्यायला सांगते, म्हणजे ‘सर्चबटनक्लिअर’, ‘सर्चबटनरन’. यादीत ते एकाखाली एक येतात. दुसरा तट म्हणतो, बोलताना आपण ‘क्लिअरसर्चबटन’ म्हणतो आणि एडिटरमध्ये अर्धवट अक्षरांवरूनही फाइल सापडते, मग उलटं का लिहायचं?

मी पालकाच्या नावाचा उपसर्ग मानणारा आहे, पण मर्यादेत. ‘लोनलिस्टआयटम’ हा ‘लोनलिस्ट’शिवाय कुठेच जगत नाही, म्हणून त्याने पालकाचं नाव मिरवावं. स्वतंत्रपणे वापरता येणाऱ्याला नैसर्गिक क्रम. हे सगळ्यांना मान्य झालं.

फोल्डर ‘लोन’ आहे तर फाइलला नुसतं ‘लिस्ट’ म्हणावं का? नाही. रिअ‍ॅक्टच्या डेव्हटूल्समध्ये (ब्राउझरमधल्या तपासणीच्या साधनात) कंपोनंटच्या फंक्शनचं नाव दिसतं, फोल्डर दिसत नाही. सगळ्या झाडात ‘लिस्ट’, ‘लिस्ट’, ‘लिस्ट’ दिसून काय उपयोग. याच कारणासाठी ‘इंडेक्स’ नावाच्या फाइलींमध्ये कंपोनंट लिहिणं बंद. एडिटरमध्ये उघडलेल्या टॅबवर ‘इंडेक्स’ची रांग लागते.

१९ जून

बिल्ड सर्व्हरवर (अ‍ॅप जोडून तयार करणाऱ्या मशीनवर) फाइल सापडेना, प्रत्येकाच्या मशीनवर मात्र ठणठणीत. फाइलच्या नावातलं पहिलं अक्षर लहानाचं मोठं केलं होतं. मॅक आणि विंडोजची फाइल व्यवस्था सहसा हा फरक मानत नाही, लिनक्सची मानते. आधी तात्पुरतं तिसरंच नाव देऊन मग हवं ते दिलं की गिटला बदल स्पष्ट कळतो. टाइपस्क्रिप्टची अक्षरांच्या लहान-मोठेपणाची तपासणी ५.० पासून मुळातच चालू असते. आपल्या सेटिंगमध्ये ती जुन्या काळी बंद केलेली होती, ती ओळ काढली.

२३ जून

प्रत्यक्ष नामांतराची पद्धत.

नाव बदलण्याच्या कमिटमध्ये (गिटमध्ये एकदम नोंदवलेल्या बदलांच्या गठ्ठ्यात) दुसरं काहीही नाही. गिट नामांतर साठवून ठेवत नाही. जुन्या आणि नव्या फाइलीतलं साम्य पाहून तो अंदाज बांधतो, आणि मुळात ठरलेली मर्यादा ५० टक्क्यांची आहे. नाव आणि मजकूर एकदम बदलला तर तो म्हणतो, एक फाइल गेली, दुसरी आली, आणि ‘ही ओळ कोणी का लिहिली’ हे शोधण्याचा धागा तुटतो. वेगळ्या कमिटमध्ये ठेवलं तर ‘गिट लॉग’ला ‘फॉलो’ जोडून जुना इतिहास वाचता येतो.

डिफॉल्ट एक्स्पोर्ट सगळे काढले. त्यात इम्पोर्ट करणारा हवं ते नाव देऊ शकतो. एकच कंपोनंट एका पानावर ‘कार्ड’ आणि दुसऱ्यावर ‘आयटम’ म्हणून वावरत होता. नावानिशी एक्स्पोर्ट केलं की एडिटरमधून एका जागी बदलल्यावर सगळीकडे बदलतं.

एडिटरला न दिसणाऱ्या जागा हाताने तपासल्या : स्नॅपशॉट चाचण्या (आधी साठवलेल्या निकालाशी ताडून पाहणाऱ्या), वापराची नोंद पाठवणाऱ्या घटनांची नावं, चाचणीसाठी दिलेले आयडी. घटनांची नावं मुद्दाम जुनीच ठेवली. ती बदलली तर अहवालांमध्ये मागचं-पुढचं जुळणार नाही.

दुसऱ्या टीम वापरतात त्या कंपोनंटची जुनी नावं सध्या पर्यायी म्हणून शिल्लक आहेत, ‘डेप्रिकेटेड’ची, म्हणजे ‘यापुढे वापरू नका’ अशी, खूण लावून. एडिटर अशी नावं खोडलेली दाखवतो.

२५ जून

‘सर्क्युलेशनमॅनेजर’. याला नाव काही केल्या सुचत नव्हतं. तो बारकोड वाचतो, त्यावरून सभासद की प्रत हे ओळखतो, द्यायची आहे की परत घ्यायची ते ठरवतो, दंड मोजून दाखवतो आणि पावती छापतो. फळ्यावर ही क्रियापदं लिहिली आणि ‘मॅनेजर’ शब्द कुठून आला ते उघड झालं. एवढ्या क्रियापदांना पुरेल असा दुसरा शब्द भाषेत नाहीच.

म्हणून नाव शोधणं थांबवून कंपोनंट फोडला. बारकोड वाचणं हा हुक झाला, ‘यूझबारकोडस्कॅन’. इथे ‘यूझ’ हा उपसर्ग शोभेचा नाही, लिंटचे हुकचे नियम त्यावरूनच हुक ओळखतात. दंड दाखवणारा ‘फाइनसमरी’, पावतीचा ‘लोनरिसीट’. द्यायचं की घ्यायचं हा निर्णय कंपोनंटचा नाहीच, ते साधं फंक्शन आहे. त्याला ‘रिझॉल्व्हस्कॅन’ म्हटलं आणि त्याची चाचणी आता पडदा न उभारता होते. या सगळ्यांना एकत्र मांडणारं पान उरलं, ते ‘सर्क्युलेशनडेस्क’.

३० जून

पुन्हा तीच कसोटी, त्याच सहकारीबरोबर. मुदत उलटल्याची खूण : ‘ओव्हरड्यूबॅज’. लेखकशोधातली बाणाची कळ : ‘ऑथरकॉम्बोबॉक्स’. दोन्ही वेळा क्षणभरही अडली नाही.

मग विचारलं, आरक्षणाच्या रांगेतला क्रमांक सभासदाला दाखवायचा आहे. ती ‘रिझर्व्हेशनकार्ड’कडे गेली आणि थबकली. “हे पुस्तकाचं की अभ्यासिकेतल्या जागेचं?” कोड उघडल्यावर दिसलं की दोन्हींचं. ‘बुक’मध्ये जे झालं होतं तेच इथे आहे. पुस्तकाच्या आरक्षणाला रांग असते, वेळ ठरलेली नसते. जागेच्या आरक्षणाला वेळ असते, रांग नसते. ऐच्छिक प्रॉपची तीच लांबलचक यादी.

पुस्तकासाठी ग्रंथपालांच्या वापरातला ‘होल्ड’ घेतला, जागेसाठी ‘सीटबुकिंग’. अडचण एवढीच की एपीआयमध्ये दोन्ही ‘रिझर्व्हेशन’च आहेत, प्रकार सांगणारा एक रकाना घेऊन. बॅकएंडवाला सहकारी पुढच्या आवृत्तीत ते वेगळे करायला तयार आहे. तोवर ‘रिझर्व्हेशन’चं ‘होल्ड’ किंवा ‘सीटबुकिंग’ करणारं रूपांतर एपीआयला लागून असलेल्या एकाच फाइलमध्ये राहील, आणि तिच्या पलीकडे ‘रिझर्व्हेशन’ हा शब्द कोडमध्ये आला तर पुल रिक्वेस्ट (बदल मूळ कोडमध्ये घेण्याची विनंती) परत पाठवायची.

‘फॉर्मरो’ आणि ‘पेजहेडर’ बदलायच्या यादीत होते, ते आज काढले. सगळे न चुकता त्याच फाइलींकडे जातात.